आधी चिप विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि, इंटेलपुरतं बोलायचं तर, साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. या अटीत न बसणारे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागतील, असा अंदाज कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या डिसेंबरात दिला होता. आपल्याकडे या यंत्रांपैकी एक जात घरोघरी ओळखीची आहे. अकरा इंची पडदा, दोन किंवा चार जीबी रॅम, अंगातच बसवलेली आणि बदलता न येणारी साठवण. मुलाच्या कॉलेजसाठी किंवा टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला आणि आता कपाटात पडलेला लहान लॅपटॉप. तो फेकवत नाही, वापरवत नाही, आणि कुणीतरी सुचवतं की लिनक्स टाकून बघ. मग नवखा माणूस हमखास पहिला प्रश्न विचारतो तो हा, की कोणतं लिनक्स टाकू? मिंट, उबुंटू, झोरिन की डेबियन? याची उत्तरं देणारे भरपूर भेटतात आणि ती ठामपणे देतात. पण लहान लॅपटॉपच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम आहे, असं माझं म्हणणं आहे. या यंत्रांवर लिनक्स चालेल की रडेल हे आतल्या तीन-चार चिपांवर आणि त्या बनवणाऱ्यांनी त्यांची माहिती किती खुली केली यावर ठरतं. नवख्याने शिकायला सुरुवात तिथूनच करावी.

याचा पुरावा लहान लॅपटॉपच्या जन्मापासूनच सापडतो. २००७ च्या शेवटी असूसने ‘ई पीसी ७०१’ बाजारात आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, चार जीबीची साठवण आणि आत झँड्रॉस नावाचं लिनक्स. अंगभर चित्रांची बटणं असलेला तो पडदा मुलांनाही वापरता येत होता. त्याच्या खपाने सगळ्या कंपन्या जाग्या झाल्या, आणि २००८ साली इंटेलची अॅटम चिप आल्यावर ‘नेटबुक’ नावाची नवी बाजारपेठच उभी राहिली. मायक्रोसॉफ्टने दुकानांतून निवृत्त होत असलेल्या विंडोज एक्सपीला या स्वस्त यंत्रांसाठी मुदतवाढ दिली, आणि पाहता पाहता बहुतेक नेटबुकांवर एक्सपीच दिसू लागलं. लिनक्स लोकांना झेपलं नाही, हा समज तेव्हापासूनचा. त्याला आधारही मिळाला होता. २००८ च्या ऑक्टोबरात एमएसआय कंपनीच्या अधिकाऱ्याने एका मुलाखतीत सांगितलं, की लिनक्स असलेली आमची नेटबुकं एक्सपीवाल्यांच्या किमान चौपट प्रमाणात परत येतात. ही चौपटीची गोष्ट नंतर वर्षानुवर्षं दाखल्यासारखी वापरली गेली.

त्याच गोष्टीचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी, २००९ च्या ऑगस्टमध्ये, डेलच्या प्रतिनिधीने जाहीरपणे सांगितलं की आमच्याकडे दोन्ही प्रकारच्या नेटबुकांच्या परत येण्यात लक्षात घेण्याजोगा फरक नाही. आणि डेलची तेव्हाची जवळपास एक तृतीयांश नेटबुकं उबुंटूवर जात होती. ग्राहक तेच, काळ तोच, प्रोसेसरही बव्हंशी तोच. लिनक्स हेच दुखणं असतं तर ते दोन्हीकडे सारखं दिसायला हवं होतं. डेलने वायफायची ब्रॉडकॉम चिप आणि तिला चालवणारा ड्रायव्हर यांची मोट कारखान्यातच बांधून दिली होती, आणि ग्राहकाच्या हाती पडलं ते जुळलेलं यंत्र. आता डेलचंच दुसरं उदाहरण घ्या. तिच्या ‘मिनी ९’ मध्ये इंटेलची जीएमए ९५० ही चित्रचिप होती आणि तिचा खुला ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून होता. ‘मिनी १२’ आणि सुरुवातीच्या ‘मिनी १०’ मध्ये जीएमए ५०० आली. नाव इंटेलचं, पण आतली रचना इमॅजिनेशन कंपनीच्या पॉवरव्हीआरकडून परवान्यावर घेतलेली, आणि तिची माहिती बंद. तिचा बंदिस्त ड्रायव्हर उबुंटूच्या एका विशिष्ट आवृत्तीशी बांधलेला होता. नवी आवृत्ती टाकली की पडद्याचं मापच चुकायचं आणि व्हिडिओ अडखळायचे. खुला ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नीट स्थिरावायला २०१२ उजाडलं, आणि तोही त्रिमितीय वेगाविना. कंपनी एक, प्रणाली एक, किंमतही जवळपासची; एका यंत्राचा मालक लिनक्सची तारीफ करत होता आणि दुसऱ्याचा हात टेकून बसला होता. मला ही जोडी कोणत्याही तुलनात्मक तक्त्यापेक्षा बोलकी वाटते, कारण तिच्यात चिपखेरीज बदललेलं असं जवळजवळ काहीच नाही.

दुसरी पिढी २०१४ नंतरची, आणि आपल्या कपाटांत आज आहे ती मुख्यत्वे हीच. मायक्रोसॉफ्टने स्वस्त यंत्रांसाठी विंडोज ८.१ ची सवलतीची आवृत्ती काढली, इंटेलने ‘बे ट्रेल’ कुळातल्या चिपा स्वस्तात दिल्या, आणि दोन जीबी रॅम व ३२ जीबी साठवणीचे लॅपटॉप दहा हजारांच्या आसपास मिळू लागले. मुंबईच्या आयबॉलने २०१६ मध्ये ९,९९९ रुपयांना काढलेला ‘कॉम्पबुक’ याच काळातला. त्यात अॅटम झेड३७३५एफ ही चिप होती. या चिपेभोवती बांधलेल्या कितीतरी टॅब्लेट-लॅपटॉपांत एक खोच राहून गेलेली आहे. प्रोसेसर ६४ बिटी, पण यंत्र चालू होताना सर्वांत आधी जागं होणारं यूईएफआय हे फर्मवेअर मात्र ३२ बिटी. यूईएफआय आपल्याच बिटांची सुरुवातीची फाइल उघडू शकतं. बहुतेक लिनक्सच्या पेनड्राइव्हवर ती फाइल फक्त ६४ बिटी असते. परिणामी नवख्याला दिसतं ते असं, की पेनड्राइव्ह नीट बनवलाय, दुसऱ्या लॅपटॉपवर तो चालतोय, आणि या लॅपटॉपच्या बूट यादीत मात्र त्याचं नावच येत नाही. तो पेनड्राइव्ह बदलतो, तो बनवायला रूफसऐवजी एचर वापरून पाहतो, मिंट काढून झोरिन भरतो. दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे. डेबियनने २०१५ पासून आपल्या बहु-रचना प्रतिमेत (पेनड्राइव्हवर भरायच्या फाइलीत) ३२ बिटी सुरुवातीची फाइल आणि ६४ बिटी प्रणाली एकत्र दिली होती. तेवढं माहीत असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. ‘कोणतं लिनक्स’ या प्रश्नाला इथे खरंच अर्थ आला, पण तोही चिपेपासून निघालेला.

त्याच कुळाची आणखी दोन दुखणी सांगण्यासारखी आहेत. पहिलं, यंत्र मध्येच गोठणं. बे ट्रेलचे प्रोसेसर रिकामे असताना गाढ झोपेच्या अवस्थांत जात आणि काही वेळा त्यातून परतच येत नसत. माउस हलत नाही, बटणं दाबून उपयोग नाही, सक्तीने बंद करावं लागतं. कर्नलच्या दोषनोंदींत हा दोष वर्षानुवर्षं चर्चेत होता. बूटच्या वेळी ‘इंटेल आयडल’ची कमाल झोप-पातळी एकवर रोखणारा एक शब्द जोडला की गोठणं थांबे, बॅटरी मात्र जास्त खर्ची पडे. दुसरं, वायफाय. या स्वस्त यंत्रांत रिअलटेकची आरटीएल८७२३बीएस चिप सर्रास वापरली गेली, आणि तिचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये आला तो ४.१२ या आवृत्तीत, २०१७ मध्ये. म्हणजे २०१५ साली हा लॅपटॉप घेऊन लिनक्स टाकणाऱ्याला वायफाय मिळणं कठीणच होतं, मग त्याने लिनक्सचं कोणतंही वाण निवडलेलं असो. आणि आज तेच यंत्र, त्याच माणसाच्या हाती, पहिल्या मिनिटात वायफायची यादी दाखवतं. मिंट, उबुंटू, झोरिन ही वाणं वरून कितीही निराळी दिसली तरी खाली कर्नल एकच. त्याच्या आवृत्तीत त्या चिपेचा ड्रायव्हर असेल तर सगळीकडे असतो आणि नसेल तर कुठेच नसतो. एकामागून एक वाणं बदलून पाहणाऱ्याची मेहनत वाया जाते ती यामुळे.

वायफायपाशी जरा थांबायला हवं, कारण बहुतेक नवख्यांचं घोडं तिथेच अडतं आणि शिकायलाही तिथेच सर्वांत जास्त मिळतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स ‘लाइव्ह’ चालवलं, म्हणजे लॅपटॉपमधलं काहीही न पुसता नुसतं चालवून पाहिलं, की कोपऱ्यातल्या चिन्हावर एकतर आजूबाजूची वायफाय नावं दिसतात किंवा दिसत नाहीत. दिसत नसतील तर टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ या जोडीसह द्यायची. समोर येणाऱ्या ओळींत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ शोधायची. तिच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार खुणांचे दोन गट असतात. पहिला गट बनवणाऱ्याचा आणि दुसरा चिपेचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. खालच्या ओळीत कर्नलचा कोणता ड्रायव्हर ती चिप वापरतोय हे लिहिलेलं असतं. ती ओळच नसेल तर चिप ओळखली गेली पण तिला कुणी वाली मिळाला नाही. वायफाय कार्ड आतून यूएसबीवर जोडलेलं असेल तर तशीच खुणांची जोडी ‘एलएसयूएसबी’ने मिळते. मग ‘आरएफकिल’ विचारायचं. ते सांगतं की वायफाय सॉफ्टवेअरने बंद केलंय की यंत्रावरच्या एखाद्या बटणाने. पुष्कळदा एवढ्यावरच उलगडा होतो, कारण विमानाचं चित्र असलेलं बटण कधीतरी चुकून दाबलं गेलेलं असतं.

समजा ओळ १४ई४:४३१५ अशी आली. ही ब्रॉडकॉमची बीसीएम४३१२, जुन्या नेटबुकांतली नेहमीची. तिच्यासाठी ‘बी४३’ हा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे, पण तो कंपनीने दिलेला नाही. बाहेरच्या विकासकांनी चिपेचं वागणं पाहून, तिची रचना उलगडून तो लिहिला. चिपेच्या आत भरायचं फर्मवेअर मात्र ब्रॉडकॉमचं, आणि ते वाटायची परवानगी नाही. म्हणून डेबियनमध्ये या चिपेसाठी जे पॅकेज आहे ते बसवताना फर्मवेअर इंटरनेटवरून उतरवून घेतं. वायफाय चालावं म्हणून जे हवं ते आणायला आधी इंटरनेट हवं, असा हा गुंता. नवख्याला यात स्वतःचं अज्ञान दिसतं. प्रत्यक्षात तो परवान्याचा अडसर आहे. सुटका सोपी आहे आणि ती खिशातच असते. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, बहुतेक वेळा कुठलाही वेगळा ड्रायव्हर न मागता. मग फर्मवेअर उतरवायचं, यंत्र पुन्हा चालू करायचं. रिअलटेकच्या १०ईसी:सी८२१ या आठ-दहा वर्षांत खूप खपलेल्या चिपेची कथा निराळी आहे: जुन्या कर्नलवर तिचा ड्रायव्हर बाहेरून आणून बांधावा लागे, नव्या कर्नलमध्ये तो आतच असतो. तिथे उपाय एकच, नवी आवृत्ती घ्यायची. हे दोन रोग बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, दोन्हींत वायफाय नाही. आठ खुणांच्या त्या कोडनेच त्यांतला फरक कळतो.

डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पालाही या वास्तवापुढे भूमिका बदलावी लागली. १९९३ पासून चाललेल्या या प्रकल्पाने खुली नसलेली फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतिमेबाहेर ठेवली होती. तत्त्व म्हणून ते मला आदरणीय वाटतं, पण त्याची किंमत मोजत होता तो नवखा, ज्याच्या लॅपटॉपला तारेच्या नेटवर्कचं भोकच नव्हतं. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून ही फर्मवेअर अधिकृत प्रतिमेत घ्यायचं ठरवलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती मिळू लागली. वाटायची परवानगी असलेल्या चिपांचा प्रश्न त्याने एका फटक्यात सुटला. ब्रॉडकॉमच्या त्या जुन्या चिपांचा सुटला नाही, कारण तिथे डेबियनच्या हातात काही नव्हतंच. प्रणालीची इच्छा कुठवर पोचते आणि चिप बनवणाऱ्याचं राज्य कुठून सुरू होतं, ती सीमारेषा या एका निर्णयात स्वच्छ दिसते.

महाराष्ट्राने ही सीमारेषा एका शाळेत पाहिली आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत झाला. मुलांच्या हातात आलेला हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप फेडोरा लिनक्सवर चालत होता. २५६ एमबी रॅम, एक जीबी साठवण, आणि कळफलकावर प्रोग्रामचा मूळ मजकूर उघडून पाहण्यासाठी चक्क एक स्वतंत्र कळ. इतका खुलेपणा मनात धरून तोवर कुणी लॅपटॉप बनवला नव्हता. तरीही त्याच्या मार्व्हेल वायफाय चिपेचं फर्मवेअर बंदिस्त होतं आणि त्यावरून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात तेव्हा बरीच टीका झाली. पण मुलांना वायफायसाठी खटपट करावी लागली नाही, कारण ती खटपट यंत्र बनवणाऱ्यांनी आधीच केली होती. एक्सओच्या यशापयशावर बरंच लिहिलं गेलं आहे. इथे मला त्यातली एवढीच बाब महत्त्वाची वाटते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. साध्या माणसाला चिपांची नावं कशाला माहीत हवीत? त्याला पत्र लिहायचंय, सातबारा काढायचाय, मुलीला व्हिडिओ दाखवायचाय. अगदी खरं. आणि जिथे बनवणाऱ्याने जुळणी करून दिली आहे तिथे त्याला ती माहीत नसतातच. आपल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचं कर्नल आहे, क्रोमबुकमध्येही आहे, आणि ते वापरणाऱ्या कुणालाही कर्नल हा शब्द ठाऊक असायची गरज पडलेली नाही. लिनक्स अवघड असतं तर हे घडलं नसतं. पण कपाटातला लॅपटॉप विंडोजसाठी जुळवून विकलेला आहे. त्याची दुसऱ्यांदा जुळणी करायला कारखान्यात कुणी बसलेलं नाही. ते काम मालकाच्या पदरी पडलेलं आहे. हे टाळता येत नाही. ते कमी मात्र करता येतं, आणि चार चिपा ओळखल्या की ते सर्वांत जास्त कमी होतं: वायफाय, चित्रचिप, आवाज, आणि साठवण कोणत्या पद्धतीने जोडली आहे. टचपॅड, कॅमेरा, पडद्याचा उजेड यांची तक्रार आली तर ती नंतरची.

शिवाय एक सवय बदलते, आणि मला ती फार मोलाची वाटते. यंत्र बिघडलं की ‘फॉरमॅट मारून देतो’ हे आपल्याकडचं सार्वत्रिक औषध आहे. त्याने यंत्र कधी कधी सुरू होतं, पण काय बिघडलं होतं हे कुणालाच कळत नाही, दुकानदारालाही नाही. लिनक्समध्ये कर्नल स्वतःची रोजनिशी लिहितं आणि ‘डीमेसेज’ म्हटलं की ती समोर ठेवतं. फर्मवेअर सापडलं नसेल तर कोणत्या नावाची फाइल हवी होती तेही त्या ओळीत असतं. ती ओळ जशीच्या तशी शोधयंत्रात टाकली तर जगात आणखी कुणाला हेच झालं होतं आणि त्याने काय केलं, ते बहुतेकदा सापडतं. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या माणसालाही ही ओळ उपयोगी पडते, कारण त्यात वाचून समजून घ्यायचं वाक्य नसतं, उतरवून घ्यायचं नाव असतं. ‘वायफाय चालत नाही’ एवढं सांगितलं तर जाणकारालाही मदत करता येत नाही. ‘१४ई४:४३१५, फर्मवेअर सापडलं नाही’ असं सांगितलं तर अनोळखी माणूसही दोन ओळींत वाट दाखवतो.

दुसरा आक्षेप असा, की चिप वगैरे ठीक, पण दोन जीबी रॅमवर हलकं लिनक्स निवडायलाच हवं ना? हवं. इथे वाणाची निवड मोजकी पण खरी आहे. जड डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घेतलं तर सुरुवातीलाच काहीशे एमबी वाचतात. ३२ जीबी साठवणीच्या यंत्रांवर विंडोज १० चे मोठे अपडेट जागेअभावी अडत, त्यापुढे वीस जीबीच्या आत मावणारी प्रणाली म्हणजे सुटकाच. पण या हलकेपणाची मर्यादाही सांगायला हवी. प्रणाली कितीही हलकी असली तरी आजची संकेतस्थळं हलकी नाहीत. ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की दोन जीबी भरतातच. रॅममधला मजकूर तिथेच दाबून ठेवायची ‘झेडरॅम’ची युक्ती चालू केली तर थोडी सवड मिळते, फेडोराने २०२० पासून ती आपोआप चालू ठेवली आहे. तरीही दोन जीबीच्या यंत्रावर लेखन, वाचन, गाणी, एखाद-दुसरा टॅब एवढीच अपेक्षा ठेवावी. रॅम वाढवता येत असेल तर वाण बदलण्यात घालवायच्या वेळाऐवजी तिथे पैसे घालावेत.

तिसरा आक्षेप कामाचा, आणि त्यापुढे मी वाद घालणार नाही. ज्याचा धंदा टॅलीवर चालतो त्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन रोज वापरणाऱ्या कर-सल्लागाराने किंवा निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराने दुसरं विंडोज यंत्र हाताशी ठेवावं. श्रीलिपीत पानं लावणाऱ्या मुद्रणालयांनाही हेच लागू आहे. लिनक्स सगळं करतं असं सांगून नवख्याला फसवणारे हितचिंतक त्याचं आणि लिनक्सचं, दोघांचंही नुकसान करतात. पण ‘मराठीचं काय?’ हा त्याच यादीतला प्रश्न मात्र जुना झाला. इन्स्क्रिप्ट कळफलक प्रत्येक वाणात आहे, तो सेटिंगमधून मराठी म्हणून जोडायचा एवढंच. ध्वनीनुसार टंकायचं असेल तर आयबसमध्ये ‘एम१७एन’ची सोय आहे. रेड हॅटने जोपासलेले लोहित टंक मोफत आहेत, आणि या कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी भारतीय भाषांसाठी केलेलं काम कुठल्याही वाणाच्या वापरकर्त्याला आपसूक मिळतं. लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरं नीट उमटतात. टर्मिनलमध्ये ती अजूनही पुष्कळदा विस्कटतात. तिथे देवनागरी फाइलनावं टाळलेली बरी.

चौथा आक्षेप मला सर्वांत टोकदार वाटतो: जुन्या यंत्रांचा वाली म्हणवणारं लिनक्स तरी जुनं टाकत नाही का? टाकतं. उबुंटूने ३२ बिटी डेस्कटॉपची प्रतिमा २०१७ मध्येच थांबवली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी इंटेल यंत्रांसाठी प्रणाली बसवण्याची सोय काढून टाकली. म्हणजे अॅटम एन२७० वाली पहिल्या लाटेतली नेटबुकं आता डेबियन १२ वर आहेत, आणि तिच्या दीर्घ मुदतीच्या दुरुस्त्या २०२८ च्या मध्यापर्यंत मिळतील. त्यानंतर त्यांचा रस्ताही अरुंद होईल. तरी दोन्हींतला फरक पाहण्याजोगा आहे. २००८ च्या त्या चिपेला वीस वर्षांची चाल मिळते आहे; २०१७ साली विकत घेतलेल्या सातव्या पिढीच्या, अजून धडधाकट असलेल्या प्रोसेसरला विंडोज ११ ने अधिकृत यादीत जागा दिली नाही, मोजके अपवाद वगळता. आणि लिनक्समध्ये टाकलेल्या ड्रायव्हरचा मजकूर खुलाच राहतो, कुणाला गरज पडली तर उचलता येतो. पॉवरव्हीआरच्या चिपेचा ड्रायव्हर थोडाफार तरी पुढे लिहिता आला तो अशाच वाटेने.

हे शिकवायचं कुठे? केरळने शाळांमधून उत्तर दिलं. तिथल्या ‘काइट’ संस्थेने उबुंटूवर आधारलेली आपली स्वतःची प्रणाली शाळांच्या दोन लाखांहून अधिक संगणकांवर नेली, आणि शिक्षकांना तीच शिकवली. आपल्याकडे एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणकासमोर बसवलं, हे काम मोठं आहे. पण तिथे संगणकाची जी ओळख झाली ती बव्हंशी एका कंपनीच्या मेन्यूंची. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे धडे मराठीतही आहेत, मोफत आहेत, आणि मंद इंटरनेटवर पाहता येतील असे छोटे आहेत. त्यांची ओळख ग्रामपंचायतींच्या वाचनालयांपर्यंत पोचावी असं मनापासून वाटतं. त्यात एका तासाची भर घातली जावी. वर्गातला प्रत्येक लॅपटॉप लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालवायचा आणि प्रत्येकाने आपल्या यंत्रातली वायफाय, चित्र आणि आवाजाची चिप वहीत लिहायची. आयटीआयच्या मुलांना तर हा रोजगाराचा धडा होईल, कारण तालुक्याच्या गावात जुना लॅपटॉप जिवंत करून देणाऱ्याला आता गिऱ्हाईक आहे.

प्रत्यक्ष बसवायला घेताना मात्र काही गोष्टी चिपेच्याही आधी येतात. घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, आणि ती उघडतात हेही पाहावं. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर बिटलॉकरची ४८ अंकी चावी आधी कागदावर उतरवावी. बूटच्या सेटिंग बदलल्या की विंडोज ती मागू शकतं आणि नसेल तर त्यातला सगळा मजकूर कायमचा गेला. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं, नाहीतर डिस्क अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्स तिच्यावर लिहायला नकार देतं. डिस्क लिनक्सला दिसतच नसेल तर बायोसमध्ये ती इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर आहे का ते पाहावं. उतरवलेल्या प्रतिमेची शा-२५६ बेरीज ताडून घ्यावी. अर्धी उतरलेली फाइल नंतर हजार तऱ्हेचे खोटे दोष दाखवते.

आणि लॅपटॉप घरचा नसून जुन्या बाजारातून घ्यायचा असेल, तर कंपन्यांच्या भाडेपट्ट्यावरून परतलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड लहान स्वस्त लॅपटॉपांपेक्षा बहुधा बरे, कारण त्यांत वायफाय इंटेलचं असण्याची शक्यता जास्त आणि रॅम पुष्कळदा बदलता येते. काही जुन्या लेनोव्हो आणि एचपी यंत्रांचं बायोस ठरावीक वायफाय कार्डांखेरीज दुसरं कार्ड स्वीकारतच नाही, तेव्हा ‘कार्ड नंतर बदलू’ या भरवशावर घेऊ नये. दुकानाच्या काउंटरवरच आपला पेनड्राइव्ह लावायची परवानगी मागावी. वायफाय जोडून एखादा व्हिडिओ आवाजासह चालवावा, झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडावं, उजेड कमी-जास्त करून पाहावा, बॅटरीची मूळ आणि उरलेली क्षमता ‘यूपॉवर’ला विचारावी. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, आणि दुकानदार त्याला तयार नसेल तर शेजारच्या दुकानात जावं.